समवर्ती सूचीतल्या तीन पायऱ्या

आमच्या विंगच्या दारासमोर तीन पायऱ्या आहेत. मुलुंडला एका जुन्या कारखान्याच्या जागेवर आमचं पाच विंगांचं कॉम्प्लेक्स उभं राहिलं, त्यातल्या बी विंगच्या लॉबीतून अंगणात उतरताना लागणाऱ्या. जेमतेम सव्वा फूट उंची. पोरं त्या एका उडीत उतरतात. या तीन पायऱ्यांवर सत्ता कोणाची, हे मी ठरवलं. लेखी ठरवलं, कलम घालून ठरवलं आणि त्यापायी माझ्या सख्ख्या आईला अकरा महिने घरात कोंडून ठेवलं. आता एवढं कबूल केलंच आहे, तर पुढचंही सांगून टाकतो.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासात निदान लढाया असतात. नागरिकशास्त्र म्हणजे पेपरच्या शेवटी, पोरांचा हात दुखायला लागल्यावर येणारा विषय. संघसूची, राज्यसूची, समवर्ती सूची, मूलभूत हक्क. मी जीव तोडून शिकवायचो आणि मागच्या बाकावर पोरं फुल्ली-गोळा खेळायची. निवृत्त झालो तेव्हा कोणीही मला राज्यघटनेबद्दल एक प्रश्नसुद्धा विचारलेला नव्हता. ही गोष्ट मनात सलत होती, खोटं कशाला बोलू?

आणि मग आमचं फेडरेशन झालं. म्हणजे असं, की पाच विंगांच्या पाच वेगळ्या सोसायट्या, प्रत्येकीची आपली कमिटी, आपला अध्यक्ष. गेट, बाग, पाण्याची मोठी टाकी, क्लब हाउस हे मात्र सगळ्यांचं मिळून, म्हणून वर एक फेडरेशन. बिल्डर हात झटकून गेला आणि दुसऱ्याच आठवड्यात पंप कोणी चालू करायचा यावरून ए आणि डी विंगमध्ये जुंपली. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "सर, तुम्ही घटना शिकवलीत ना इतकी वर्षं? मग आमची पण एक लिहून द्या की."

झालं! माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी राहिलं.

दोन महिने बसून लिहिली. नवी वही आणली, दोन रंगांची पेनं आणली. फेडरेशनची सूची: गेट, बाग, टाकी, क्लब हाउस, गणपती. विंगची सूची: लिफ्ट, जिना, गच्ची, लॉबी, नोटीस बोर्ड. आणि तिसरी, माझी लाडकी, समवर्ती सूची. जे धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही ते सगळं तिच्यात. गटाराची झाकणं, दारापुढचा दिवा, मांजरं आणि पायऱ्या. पायऱ्यांचं म्हणाल तर वरच्या पायरीला विंगची लादी आहे, खालच्या पायरीला फेडरेशनचे पेव्हर ब्लॉक, आणि मधली उघड्या सिमेंटची. अशी सुंदर केस मला पस्तीस वर्षांत एका पाठ्यपुस्तकात सापडली नव्हती.

आपल्या देशात समवर्ती सूचीतल्या विषयावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, आणि दोघांचं वाजलं तर सहसा केंद्राचं चालतं. मला हे कधीच पटलं नव्हतं. वर्गात मी दरवर्षी विचारायचो, "हा राज्यावर अन्याय नाही का रे?" पोरं एका सुरात म्हणायची, "हो सर." हो म्हटलं की मी पुढच्या धड्याकडे सरकतो, हे त्यांना ठाऊक होतं. तर मी ती चूक सुधारली. आमच्या घटनेत लिहिलं की समवर्ती सूचीतल्या कुठल्याही कामाला विंग आणि फेडरेशन या दोघांचीही लेखी संमती लागेल, कोणाचं पारडं जड नाही. सभेत टाळ्या पडल्या. समोसे आले. देशाची घटना लिहिणाऱ्या एवढ्या थोर लोकांना जे सुचलं नाही ते मला मुलुंडमध्ये बसून सुचलं, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी हात धुवा, समोशाचं तेल लावत सुटलाय सगळीकडे."

त्यानंतर समवर्ती सूचीतलं एकही काम झालं नाही. एकही नाही! दारापुढचा दिवा गेला तो गेलाच. विंग म्हणे खांब तुमचा, फेडरेशन म्हणे बल्ब तुमचा. पायऱ्यांखाली मांजरीने चार पिल्लं घातली, त्यांचं काय करायचं यावर नऊ पत्रं झाली, आणि दोन्हीकडून संमती येईपर्यंत पिल्लं मोठी होऊन डी विंगला राहायला गेली होती. तिथे मग नवीन फाइल उघडली.

तरी मी खूश होतो. लोक जिन्यात थांबवून विचारायचे, "सर, हे कुठल्या सूचीत येतं हो?" अख्ख्या नोकरीत मिळाला नाही एवढा मान मिळत होता. मला कायदा समितीही करून टाकलं. समिती म्हणजे मी एकटा.

हक्कांचं प्रकरण राहिलं. तेही मी मनापासून लिहिलं होतं: इथे राहणाऱ्या प्रत्येकाला आवारात मोकळेपणाने ये-जा करण्याचा, तक्रार मांडण्याचा आणि तिचं उत्तर मिळण्याचा हक्क असेल. फेडरेशनचे सचिव डी विंगचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, खिशाला तीन पेनं. त्यांनी चष्मा वर केला. "राहणाऱ्या प्रत्येकाला? म्हणजे भाडेकरूंना पण?"

सभेत गलका झाला. उद्या हे भाडेकरू डोक्यावर बसतील, परवा मत मागतील, वगैरे. सचिव म्हणाले, सभासद लिहा. सभासद म्हणजे ज्याचं नाव शेअर सर्टिफिकेटवर आहे तो. मी दोन मिनिटं तात्त्विक विरोध केला. पण खरं सांगू? आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये तेव्हा चार बॅचलर भाड्याने राहायचे आणि दर रविवारी सकाळी कपाट इकडून तिकडे ओढायचे. कशाला ओढायचे देव जाणे. मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, "प्रत्येक सभासदाला". लाल पेनाने, स्वतःच्या हाताने.

आमच्या घराच्या सर्टिफिकेटवर नाव एकट्या माझं आहे. बायकोचं नाही, आईचं तर नाहीच नाही. हे त्या क्षणी माझ्या टाळक्यात आलंसुद्धा नाही.

आता एका फळीची गोष्ट. आमच्या विंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक बाई भाड्याने राहतात, वेंगुर्ल्याकडच्या. एकट्या आहेत, डबे करतात. पाचही विंगांत ज्यांची मुलं परदेशी गेलीत अशी म्हातारी माणसं आहेत, त्यांचं दोन वेळचं जेवण या ताईंच्या हातचं. चाकाची एक ट्रॉली आहे, तिच्यात चाळीसेक डबे रचायचे, लिफ्टने खाली यायचं आणि मग त्या तीन पायऱ्यांवर ट्रॉली अडायची. ताईंनी कुठूनतरी एक जुनं दार आणलं, सात-आठ फुटी, वर काथ्याची पट्टी ठोकली, आणि पायऱ्यांच्या एका कडेला लावून दिलं. ट्रॉली सरसर खाली. कोणाला काही त्रास नाही.

पण त्रास झाला. कोणीतरी तक्रार केली की बिल्डिंगचा लुक जातो. विंगचे अध्यक्ष म्हणाले काढा, फेडरेशनचे सचिव म्हणाले काढा, पण काढायचा अधिकार कोणाचा? दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी तीन दिवस विचार केला, वही चाळली आणि निर्णय दिला, जो आजही छापील आहे: समवर्ती विषयात काही लावायला दोघांची संमती हवी, काढायला मात्र कोणा एकाची पुरे. नोटीसवर सही माझी. अनधिकृत फळी चोवीस तासांत हटवावी.

ताई वर आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "सर, मी दोघांकडे अर्ज करू काय मग?"

"अर्ज सभासदाला करता येतो," मी म्हणालो. "तुमच्या घरमालकांना सांगा."

"ते दुबईला असतात."

"मग त्यांना मेल करा."

दुसऱ्या दिवशी फळी जप्त झाली. त्या दिवसापासून ताई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चार-चार फेऱ्या मारायला लागल्या. आई तेव्हा हिंडतीफिरती होती, रोज संध्याकाळी बागेतल्या जंगली बदामाखाली बाकावर बसायची. तिने ते पाहिलं. घरी येऊन मला म्हणाली, "ता फळकूट कोणाक खुपता रे?"

"आई, प्रश्न खुपण्याचा नाही, अधिकाराचा आहे."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं भाजीवाल्याने सडका टोमॅटो मध्ये घातला तर बघते. लालबागला तिची खानावळ होती. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत गिरणीतली वीस माणसं पाळीपाळीने जेवायची. ती म्हणाली, "माझ्याकडे वीस माणूस जेवी. पाणी कोणी भरूचा, ताटा कोणी धुवची, ह्या मी कागदार लिवत बसलंय असतंय तर सगळी उपाशी मेली असती." मी म्हणालो, ती खानावळ होती, हे फेडरेशन आहे. किती शहाणा होतो मी!

पुढच्या वर्षी आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, व्हीलचेअर आली. डॉक्टर म्हणाले, रोज खाली न्या, ऊन-वारा लागू द्या. लिफ्टने तिला खाली आणलं, लॉबीत आलो, आणि त्या तीन पायऱ्यांपुढे मी खुर्ची धरून उभा राहिलो. अक्षरशः वाट लागली.

पहिले काही दिवस ती लॉबीतल्या काचेमागे बसायची. तिच्या बाकावरच्या मैत्रिणी बाहेर येऊन उभ्या राहायच्या, काचेतून हातवारे करून काय-काय सांगायच्या. कोणी चिवड्याची पुडी आत सरकवायची. मग एक दिवस आई म्हणाली, "नको रे झिला, माका खाली नको. राणीच्या बागेत पिंजऱ्यात ठेवल्यासारखा वाटता." आणि खाली यायचंच बंद केलं. खिडकीजवळ बसायची, पण खिडकीतून बदाम दिसत नाही, डी विंगच्या बाथरूमच्या जाळ्या दिसतात. मला खरंच रडू यायचं. बाथरूममध्ये जाऊन रडून घ्यायचो आणि बाहेर येऊन अर्ज लिहायला बसायचो.

हो, अर्ज. रॅम्पसाठी. विंगच्या अध्यक्षांनी फार सहानुभूतीने वाचला आणि लिहिलं, फेडरेशनची हरकत नसेल तर आमची नाही. फेडरेशनने लिहिलं, वरची पायरी विंगच्या हद्दीत असल्याने आधी विंगने ठराव करावा. विंगने लिहिलं, खालची पायरी आमची नसल्याने ठराव कसा करावा हे कायदा समितीला विचारावं. कायदा समिती म्हणजे मी. मी स्वतःला उत्तर दिलं की दोघांची लेखी संमती लागेल. काय करणार, कलमच तसं होतं.

शेवटी सचिवांनी मला खाली बोलावून घेतलं, शेजारी बसवलं आणि घसा खाकरून म्हणाले, "सर, रॅम्प कोणाला हवाय? तुम्हाला?"

"आईला."

"आई सभासद नाहीत."

"अहो, पण माझी आई आहे!"

"मान्य. पण घटनेत आईची तरतूद नाही." आणि अगदी दुःखाने पुढे म्हणाले, "भाषा तुमचीच आहे, सर. आम्ही एक अक्षर बदललेलं नाही."

मी वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथले साहेब म्हणाले, खासगी आवार आहे, आम्ही नाक खुपसू शकत नाही, निबंधकांकडे जा. निबंधकांच्या ऑफिसात म्हणाले, तुमच्या फेडरेशनचे नियम काय सांगतात? मी आमची छापील पुस्तिका पुढे केली. त्यांनी चाळली आणि कौतुकाने म्हणाले, "वा! फार अभ्यासपूर्ण आहे हो. कोणी लिहिली?" मी पुस्तिका उचलली आणि रिक्षा केली.

अशात निवडणूक आली. हल्ली मतदान केंद्रं सोसायट्यांच्या आवारातही देतात, तसं आमच्या क्लब हाउसमध्ये दिलं. आमच्या पायऱ्यांपासून सत्तर पावलं, मी मोजली. एक बाई घरोघर चिठ्ठ्या वाटत आल्या, त्यात एक आईच्या नावाची. आईचं पूर्ण नाव, नवऱ्याचं म्हणजे माझ्या वडिलांचं नाव, यादीतला क्रमांक. अकरा महिन्यांत आईच्या नावाने घरात आलेला तो पहिला कागद. बाकी सगळं माझ्या नावाने येत होतं, तिच्याबद्दलचंसुद्धा. तिने चिठ्ठी देवापाशी ठेवली, वर हळदीकुंकवाचा करंडा ठेवला, उडू नये म्हणून.

आईने आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही. लालबागला असताना त्या दिवशी ती खानावळ बंद ठेवायची, आणि वीस गिरणीवाल्यांना सांगायची, आज बाहेर खा, माका काम आसा. मी चिठ्ठी वाटणाऱ्या बाईंना विचारलं, घरी येऊन मत घेतात ना म्हाताऱ्यांचं? त्या म्हणाल्या, पंच्याऐंशीच्या पुढे. आई ब्याऐंशीची. "म्हणजे अजून तीन वर्षं," बाई हिशेब करून म्हणाल्या.

आई आतून ओरडली, "मी थांबतंय गो! निवडणूक थांबतली काय?"

आमच्या विंगचे अध्यक्ष मनाने चांगले आहेत. ते म्हणाले, काळजी करू नका सर, आम्ही चौघंजण खुर्चीसकट उचलून नेतो आजींना. हे आईला सांगितलं तर ती भडकलीच. "माका उचलून नेतलात? मी काय गणपती आसंय? आणि परत हाडतलात, की थंयच विसर्जन?" ऑपरेशननंतर स्ट्रेचरवरून तिला जिन्याने वर आणताना लिफ्ट बंद होती, तेव्हा एकाचा हात सुटला होता. ती भीती ती कधी बोलली नाही, पण मी तिचे हात बघितले होते, खुर्चीच्या दांड्यावर आवळलेले. "मी खुर्चेत बसान जातलंय. नाय तर जावचंय नाय," ती म्हणाली आणि विषय संपला.

मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता मी पंपाच्या खोलीमागे गेलो. जप्त केलेली फळी कुलपात असेल अशी माझी समजूत होती. ती उघड्यावर पडली होती, वर चिमण्यांची शीट, कडेला पिंपळाचं रोपटं. तिच्यावर एक कागद चिकटवलेला होता, प्लास्टिकमध्ये घातलेला, त्यामुळे अजून शाबूत. "आदेशानुसार जप्त." खाली माझी सही. एवढी नीट सही मी पगारपत्रकावरही कधी केली नसेल.

एकट्याने उचलायला गेलो तर पाठीतून कळ आली. तेवढ्यात ताई डबे घेऊन चालल्या होत्या. थांबल्या. पिशव्या खाली ठेवल्या आणि फळीचं दुसरं टोक धरलं. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आई तयारच होती. नवं पातळ, केसात अबोलीचा वळेसर, बाल्कनीतल्या कुंडीतल्या फुलांचा, पहाटेच बसून केलेला. उतारावरून व्हीलचेअर उलटी उतरवायची असते हे ताईंना माहीत होतं, मला नव्हतं. ताईंनी आईचं तोंड दाराकडे केलं, पाठ अंगणाकडे, खुर्चीच्या मागच्या मुठी माझ्या हातात दिल्या आणि स्वतः आईसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आजी, माझ्याकडे बघा फक्त." आणि आई खाली आली. एवढंच. अकरा महिने, सतरा पत्रं, आणि लागलं अर्धं मिनिट.

क्लब हाउसच्या दारात दोन पायऱ्या आहेत. त्यांच्यावर आदल्या दिवशीच एक चकचकीत लाकडी रॅम्प बसला होता, दोन्ही बाजूंना कठडा. फेडरेशनचे सचिव त्याच्या शेजारी हसत उभे होते. मी विचारलं, "याला संमती कोणाची घेतली?"

"अहो सर, निवडणुकीचं आहे. वरून आदेश आहे. कोणालाही अडवायचं नाही म्हणून."

आत आईचं नाव मोठ्याने वाचलं गेलं. टेबलामागच्या बाई उठून म्हणाल्या, "या आजी, सावकाश." शाई लागली. आई पडद्यामागे गेली आणि चांगली दोन मिनिटं लावली. बाहेर आल्यावर बोट उन्हात धरून बघत बसली. मग म्हणाली, बदामाखाली ने. तिथे तिच्या चौघीजणी होत्याच. काय कल्ला केला त्यांनी! कोणाची सून, कोणाचा गुडघा, अकरा महिन्यांचं साचलेलं सगळं एकदम. मी लांब उभा राहून ऐकत होतो.

तासाभराने परत आलो तर फळी नव्हती.

तीन पायऱ्या होत्या, त्यांच्यावर विंगचे अध्यक्ष आणि फेडरेशनचे सचिव खांद्याला खांदा लावून उभे होते. फेडरेशन झाल्यापासून हे दोघं दुसऱ्यांदा एका मताचे झाले होते, दोन्ही वेळा फळी काढायला. अध्यक्ष माझी नजर टाळून म्हणाले, "सर, तक्रार आली. मतदानाच्या दिवशी आवारात अनधिकृत काही नको."

"तुमचाच निर्णय आहे," सचिव म्हणाले. "काढायला एकाची संमती पुरे. इथे तर दोघांची आहे."

ते पुढे म्हणाले, "आम्ही उचलतो ना आजींना." चारजण पुढे आले. आईने खुर्चीची दांडी घट्ट धरली. "हात लावू नकात," ती म्हणाली. "मी हयसरच बसतंय."

आणि बसली. साडेदहाचं ऊन, पेव्हर ब्लॉक तापलेले. मी छत्री धरून उभा. मत देऊन येणारी माणसं थांबायला लागली. आधी चारपाच, मग पंचवीस. बदामाखालच्या चौघी आपापल्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आल्या आणि आईच्या दोन्ही बाजूंना बसल्या. ताई फेरी मारून परतल्या, त्या पण थांबल्या. कोणी घोषणा दिली नाही, कोणी भांडलं नाही. पाचही विंगांची माणसं नुसती बघत उभी.

सचिवांना घाम फुटला. ते आईपुढे वाकून गोड आवाजात म्हणाले, "आजी, तुमची तक्रार आहे ते मला समजतं. पण तुम्ही सभासद नाही ना. तक्रार सभासदालाच करता येते, असं घटनेत आहे."

"कोणी लिवल्यान ता?" आई म्हणाली.

सचिवांच्या, अध्यक्षांच्या, गर्दीतल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आईनेही मान वळवली. तिला खरोखरच माहीत नव्हतं. मी तिला टाळ्यांचं सांगितलं होतं, समोशांचं सांगितलं होतं. हे नव्हतं सांगितलं.

"तू?"

"हो," मी म्हणालो.

मी छत्री धरली होती, तिची सावली आईवर आहे की नाही तेही मला कळत नव्हतं. मग तिने तो शाईचा हात वर केला, क्लब हाउसकडे बोट केलं आणि अगदी हळू, जसं लहानपणी ताप आल्यावर माझ्याशी बोलायची तसं म्हणाली, "थंय माका कोणी विचारल्यान नाय रे झिला, घर कोणाच्या नावार आसा ता."

मी पस्तीस वर्षं मूलभूत हक्क शिकवले. दरवर्षी तो धडा घेतला. त्याचा अर्थ मला त्या दिवशी, त्या उन्हात, माझ्या आईने सांगितला. छत्री बदामाखालच्या एका बाईंच्या हातात दिली. ताई समोरच उभ्या होत्या. वर्गात धडा वाचतात तसं मोठ्याने, पाचही विंगांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ताई, फळी काढली ती मी. सही माझी होती. तुमचा हक्क खोडला तोही मीच, लाल पेनाने. चुकलं माझं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माफी ऱ्हवांदे, सर. फळी आणा आधी. आजींची जेवणाची वेळ झाली, आणि संध्याकाळी माझे डबे पण जायचेत."

मी पंपाच्या खोलीकडे निघालो. मागून पावलं वाजली, वळून पाहिलं तर अध्यक्ष होते, त्यांच्यामागे तोंड पाडून सचिवही. तिघांनी मिळून फळी आणली आणि लावली. तिच्यावरचा तो माझ्या सहीचा कागद मी फाडायला गेलो, पण आई म्हणाली, "ऱ्हवांदे. लोकांका वाचूक होयो." तो अजून तिथेच आहे. आई रोज संध्याकाळी त्याच्यावरून खाली जाते.